गाडी एमएच पासिंग, अपघात गुजरातेत

नवापूरच्या रेल्वे स्टेशनात एक बाकडं आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकीटखिडकी महाराष्ट्राच्या बाजूला आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातच्या बाजूला. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा सीमेची रेघ या स्टेशनातून गेली आणि तिथेच राहिली. प्रवासी शेंगा खात, गप्पा मारत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सरकतात आणि कुणाला काही जाणवत नाही.

स्टेशनाजवळून जाणाऱ्या रस्त्यालाही ही रेघ आडवी येते. जुना सहा नंबरचा हायवे, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३, सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापुरात शिरतो आणि पुढे विसरवाडी, कोंडाईबारी घाट, साक्री करत धुळ्याला पोचतो. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. कुणी लूमवर, कुणी डाईंग मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात. आखाजी आणि दिवाळीला हा सगळा गोतावळा लक्झरीने, जीपने, मोटारसायकलवर मागे बायको आणि पुढे टाकीवर लेकरू बसवून गावाकडे निघतो. त्या दिवसांत या रस्त्यावर जीजे-०५ आणि एमएच-१८, एमएच-१९, एमएच-३९ या पाट्यांची सरमिसळ असते. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे मलकापूरहून सुरतेकडे निघालेली खासगी बस कोंडाईबारी घाटात दरीत कोसळली आणि पाच जणांचे जीव गेले. घरची माणसं एका राज्यात, रोजगार दुसऱ्यात आणि पंचनामा तिसऱ्याच गावी, हा या रस्त्यावरच्या अपघातांचा नेहमीचा गुंता आहे.

अशा वेळी पहिल्याच तासाभरात कुणीतरी जाणता माणूस सांगतो, "गाडी एमएच पासिंग आहे, पॉलिसी धुळ्याची आहे, इथे सुरतला क्लेम बसणार नाही." किंवा उलट, "समोरची गाडी जीजेची, तिच्या कंपनीवर आपल्याला गावाकडून दावा लावता येणार नाही." दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पण ती इतक्या ठामपणे बोलली जातात की त्यांच्यापायी माणसं तिथल्या तिथे वीस-पंचवीस हजार घेऊन मिटवून टाकतात. या लेखाचं सगळं सांगणं एवढंच, की भारतात नंबरप्लेटवरच्या राज्याच्या दोन अक्षरांनी भरपाईचा हक्क बदलत नाही. बदलतं ते दुसरंच काही, आणि ते ओळखता आलं पाहिजे.

राज्याप्रमाणे हक्क खरोखर बदलतो असे देश आहेत. अमेरिकेत विम्याचे आणि अपघाताच्या जबाबदारीचे नियम प्रत्येक राज्य आपापले करतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारं एखादं मराठी कुटुंब दिवाळीच्या फराळाचे डबे घेऊन व्हर्जिनियातल्या नातेवाइकांकडे निघालं, तर चार-पाच तासांत त्यांच्या पायाखालचा कायदा अनेकदा बदलतो. न्यू जर्सीत तुमची चूक निम्म्यापर्यंत असेल तरी तुम्हाला भरपाई मिळते, फक्त तेवढी टक्केवारी वजा होते. न्यूयॉर्कमध्ये चूक ऐंशी टक्के असली तरी उरलेले वीस टक्के मागता येतात. व्हर्जिनिया आणि मेरिलँडमध्ये मात्र साध्या निष्काळजीपणात जखमी माणसाची स्वतःची थोडी चूक सिद्ध झाली तरी त्याचा दावा बुडू शकतो. न्यू जर्सीने बाहेरच्या गाड्यांसाठी एक वेगळाच उपाय केला आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी तिथे अपघातात सापडली आणि तिची विमा कंपनी न्यू जर्सीतही धंदा करणारी असेल, तर त्या पॉलिसीत न्यू जर्सीचं किमान संरक्षण आपोआप आहे असं धरलं जातं, मग पॉलिसीच्या कागदावर काहीही छापलेलं असो.

कोणत्या राज्याचा कायदा लावायचा, या प्रश्नावर तिथली न्यायालयं पिढ्यान्‌पिढ्या झगडली. १९६३ चा 'बॅबकॉक विरुद्ध जॅक्सन' हा न्यूयॉर्कचा निकाल त्यातला मैलाचा दगड मानतात. न्यूयॉर्क राज्यातली मंडळी सुट्टीसाठी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात गेली आणि तिथे गाडी भिंतीवर आदळून पाहुणी म्हणून बसलेली बाई जखमी झाली. फुकट बसवलेल्या पाहुण्याने गाडी चालवणाऱ्यावर दावा करायचा नाही, असा त्या काळी ओंटारिओचा कायदा होता. न्यूयॉर्कला तसं बंधन नव्हतं. तोवरचा रिवाज होता की जिथे अपघात, तिथला कायदा. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो बाजूला सारला. माणसं न्यूयॉर्कची, गाडी आणि विमाही तिथलाच, प्रवासाची सुरुवात आणि शेवट तिथेच. मग एका वळणावर ओंटारिओची भिंत आडवी आली म्हणून जखमी बाईचा हक्क का जावा, असा त्या निकालाचा रोख होता.

भारतात हा झगडा करावा लागला नाही, आणि याचं श्रेय संविधानाच्या रचनेला द्यावं लागेल. विमा हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. मोटारवाहनं समवर्ती सूचीत आहेत, पण मोटारवाहन कायदा, १९८८ हा देशभराचा एकच. एका राज्यात केलेली गाडीची नोंदणी भारतभर चालते, लायसन्स भारतभर चालतं आणि थर्ड पार्टी विमाही भारतभर चालतो. त्या विम्याचा हप्तासुद्धा सगळीकडे सारखा. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये, मग ती सुरतेतल्या अठवालाइन्सच्या बंगल्यापुढे उभी असो की शहाद्याच्या गोठ्याशेजारी.

राज्याचा हात फिरतो तो दुसरीकडे, म्हणजे दंडात. २०१९ ला नव्या दुरुस्तीने वाहतुकीचे दंड वाढले तेव्हा गुजरात सरकारने हेल्मेटचा दंड हजारावरून पाचशेवर आणला, तर महाराष्ट्राने वाढीव दंडांची अंमलबजावणीच लांबवली. सीमेच्या दोन बाजूंना पावती वेगळी फाटली. पण पावती फाडणं आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोकांच्या मनात त्या एकत्र झाल्या आहेत आणि "राज्य बदललं की नियम बदलला" हा समज तिथूनच आला असावा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात एक भौगोलिक फरक आहे, पण तोही राज्यांचा नाही. जुन्या मोटार टॅरिफने खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले. अहमदाबाद, मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद 'ए' झोनमध्ये, बाकी सगळा देश 'बी' झोनमध्ये. त्या हिशेबात सुरत आणि जळगाव एकाच पंगतीत बसतात.

आता एक समजा-समजी करून पाहू. सुरतेजवळच्या कडोदरा चौफुलीवर एमएच-१८ पासिंगचा टेम्पो आणि जीजे-०५ ची रिक्षा यांची धडक झाली. टेम्पोचा मालक धुळ्याचा. रिक्षात मागे बसलेला प्रवासी जागीच गेला. वय ३२, पांडेसऱ्यात लूमवर कामाला, महिना १५,००० रुपये. बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई अमळनेरला. पुढे न्यायाधिकरणाने पुराव्यावरून ठरवलं की चूक टेम्पोवाल्याची ७० टक्के आणि रिक्षावाल्याची ३० टक्के.

इथे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत, कारण त्यांची गल्लत झाली की लाखोंचा फरक पडतो. मेलेला प्रवासी मागे नुसता बसला होता. त्याची चूक शून्य. त्याच्या बाबतीत दोन चालकांनी मिळून केलेला तो संयुक्त निष्काळजीपणा. अशा दाव्यात घरच्यांना पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही, म्हणजे कोणत्याही एका विमा कंपनीकडून मागता येते. ज्याने भरली त्याने पुढे दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'खेन्येई' प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितलं. "आमच्या वाट्याचे तीस टक्केच देऊ, बाकीचं टेम्पोच्या कंपनीकडे जाऊन मागा" असं त्या विधवेला कुणी सांगू शकत नाही. पण त्याच अपघातात रिक्षावाला जखमी झाला आणि त्याने टेम्पोवर दावा लावला, तर त्याच्या स्वतःच्या चुकीचे ३० टक्के त्याच्या भरपाईतून कापले जातात. तो सहभागी निष्काळजीपणा. धडक एकच, पण मागच्या सीटवरच्याचा हिशेब आणि हँडल धरणाऱ्याचा हिशेब वेगळा.

हिशेबही देशभर एकाच पद्धतीने होतो. २००९ चा 'सरला वर्मा' आणि ३१ ऑक्टोबर २०१७ चा पाच न्यायमूर्तींचा 'प्रणय सेठी', हे दोन निकाल प्रत्येक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रोज उच्चारले जातात. आपल्या लूम कामगाराला लावून पाहिलं तर असं होतं: वय चाळिशीच्या आत आणि पगार पक्क्या नोकरीचा नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के धरायचे. १५,००० चे २१,००० झाले. वर्षाचे २,५२,०००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १,८९,०००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६. म्हणजे ३०,२४,००० रुपये. वर अंत्यसंस्कार, मालमत्तेचं नुकसान आणि सहवास गमावल्याबद्दलच्या ठरावीक रकमा, आणि व्याज. समजा टेम्पोच्या विमा कंपनीने ही मूळ रक्कम सगळी भरली, तर त्यातले ९,०७,२०० रुपये ती नंतर रिक्षाच्या कंपनीकडून घेईल. तो त्यांचा आपसातला मामला.

या हिशेबात एकच कच्ची जागा आहे आणि राज्य तिथून आत शिरतं. १५,००० ची पगारचिठ्ठी कुठे आहे? सुरतेच्या लूमवर मीटरवर मजुरी मिळते, वहीत हजेरी लागते, पैसे पुष्कळदा हातात येतात. कागद नसला की न्यायाधिकरणं किमान वेतनाच्या दराचा आधार घेतात, आणि हे दर प्रत्येक राज्य आपापले ठरवतं. महिन्याला हजार-दोन हजारांचा फरक १२ ने आणि मग १६ ने गुणला की लाखात जातो. म्हणून शेठच्या वहीतल्या पानाचा फोटो, यूपीआयच्या जमा नोंदी, बँकेचं पासबुक, बरोबर काम करणाऱ्या कारागिराची साक्ष, यांचं मोल वकिलाच्या युक्तिवादाहून कमी नाही. खानदेशातून आलेल्या कामगारांच्या घरात हे कागद कुणी जपून ठेवत नाही, आणि दुर्दैव असं की त्यांची किंमत माणूस गेल्यावरच कळते.

दावा लावायचा कुठे? कायद्याने हा निर्णय नुकसान झालेल्याच्या हाती दिला आहे. मूळ १९८८ च्या कायद्यात अपघात जिथे झाला तिथलंच न्यायाधिकरण होतं. १९९४ च्या दुरुस्तीने दारं उघडली. आता अपघाताचं ठिकाण, दावेदार राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण, किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. अमळनेरची बाई सुरतेत अठवालाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकते, जळगाव जिल्ह्यात आपल्या घराजवळ दावा लावू शकते, किंवा टेम्पोमालकाच्या धुळ्याला. २०१६ च्या 'मालती सरदार' प्रकरणात अपघात हुगळी जिल्ह्यातला आणि दावा कोलकात्याला लावलेला होता. विमा कंपनीचं कार्यालय कोलकात्यात आहे, एवढ्या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने तो तिथे चालवणं योग्य ठरवलं. ही तरतूद पीडितांच्या सोयीसाठी आहे, तांत्रिक कारणाने तिचा गळा घोटू नये, ही त्यामागची दृष्टी.

या निवडीचा खरा कस भाषेवर लागतो. कडोदऱ्याचा पंचनामा गुजरातीत. नवापूर पोलिसांचा मराठीत. सुरतेच्या न्यायालयात लूममालकाची साक्ष सहज होईल, पण आजी आणि दोन लेकरं घरी ठेवून सुनेने दर तारखेला दोनशेहून अधिक किलोमीटर यायचं. घराजवळ दावा लावला तर तिची पायपीट वाचते, पण गुजराती पंचनाम्याचा मराठी अनुवाद करून जोडावा लागतो आणि कडोदऱ्याचा साक्षीदार बोलावणं कठीण होतं. २०२३ मध्ये असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. अपघात पश्चिम बंगालमध्ये सिलिगुडीला, दावा उत्तर प्रदेशात फर्रुखाबाद जिल्ह्यात. गाडीच्या मालकाचं म्हणणं होतं की साक्षीदार सगळे सिलिगुडीचे, भाषेची अडचण होईल, दावा तिकडे हलवा. न्यायालयाने नकार दिला. अपघात झाला तिथेच दावा लावण्याची सक्ती कायद्यात नाही आणि दावेदारांनी आपली निवड केलेली आहे, हे त्यामागचं मुख्य कारण. एकाच मृत्यूबद्दल आईने एका राज्यात आणि बायकोने दुसऱ्या राज्यात असे दोन दावे लावले तर काय, याचं उत्तर डिसेंबर २०२२ च्या 'गोहर मोहम्मद' निकालात आहे. जो आधी लागला तो चालेल, नंतरचा तिकडे वर्ग होईल. सासर-माहेरचं पटत नसलेल्या घरांत हे नेमकं घडतं.

त्याच निकालाने पोलिसांनाही नियमांतलं वेळापत्रक पाळायला सांगितलं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. त्याच तारखेपासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदतही परत आली. या मुदतीला आव्हान देण्यात आलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर घरी बसणं धोक्याचं. उत्तरकार्य, वर्षश्राद्ध, शेताची पेरणी यांत सहा महिने कसे जातात ते कुणालाच कळत नाही.

पॉलिसी कुठल्या शहरात काढली यापेक्षा ती त्या क्षणी जिवंत होती का, हे शंभर पटीने महत्त्वाचं. आणि गाडी कुणाच्या नावावर होती, हेही. गुजरातेतून जुनी मोटारसायकल विकत घ्यायची, आरसी बुक आणि सही केलेले फॉर्म खिशात ठेवायचे, एनओसी काढायची नाही, नावावर करायची नाही, हा प्रकार सीमेच्या दोन्ही बाजूंना सर्रास चालतो. २०१८ च्या 'नवीन कुमार' निकालाने सांगितलं, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी चार हातांतून फिरली तरी उधन्याच्या मूळ मालकाला चार वर्षांनी शिरपूरच्या अपघाताची नोटीस येते, आणि विमा संपलेला असेल तर ती रक्कम त्याच्या खोलीवर, पगारावर येऊन पडते.

मोटारसायकलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आखाजीला गावी निघालेल्या बहुतेक मोटारसायकलींवर असलाच तर फक्त थर्ड पार्टी विमा असतो. चूक समोरच्या गाडीची असेल तर त्या गाडीचा विमा मागे बसलेल्या बायकोला भरपाई देतो. पण मोटारसायकल खड्ड्यात जाऊन किंवा नवऱ्याच्याच चुकीने पडली, तर नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेलं माणूस येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 'तिलक सिंग' प्रकरणात २००६ मध्ये दिला. पॅकेज पॉलिसीत ते येतं. दोन पॉलिसींच्या हप्त्यांतला फरक दुचाकीला फार नसतो. एजंटाने हे सांगायला हवं. फारसं कुणी सांगत नाही.

उपचारांबाबत मात्र आता पहिल्या दिवशी राज्य विचारलं जाऊ नये. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळू शकतात, गाडी कोणत्याही पासिंगची असो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार सरकारी निधीतून मिळतात. एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते.

अमळनेरच्या त्या काल्पनिक घरात निकाल लागला, असं धरू. तीस लाख एकदम हातात येत नाहीत. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बँकेत मुदतठेवीत घालायला लावतं, विधवेच्या वाट्यातलाही मोठा भाग ठेवीतच जातो, व्याज तिच्या खात्यात जमा होतं. खातं तिच्या राहत्या गावाजवळच्या शाखेत काढायचं. पासबुकावर पत्ता अमळनेरचा, आणि जमेच्या बाजूला अशा एका कंपनीचं नाव जिची पॉलिसी धुळ्यात निघाली होती, गुजरातेतल्या एका चौफुलीवर लागू झाली होती.